एकादशीचे पातेले

चैत्र शुद्ध प्रतिपदेला दारोदारी गुढ्या उभ्या राहिल्या की आमच्या पंचवटीत वासंतिक नवरात्राची चाहूल लागते. काळारामाच्या मंदिरात नवमीपर्यंत पूजाअर्चा, कथा, कीर्तने यांची दाटी असते. नवमीच्या मध्यान्ही प्रभूंचा जन्मसोहळा होतो, दशमीला थोडी उसंत मिळते आणि एकादशी उजाडते ती रथोत्सव घेऊनच. ही कामदा एकादशी. उन्हे कलली की गरुडरथ पुढे आणि त्यामागून रामरथ असे दोन रथ निघतात. उत्सवाचे मानकरी बुवा प्रभूंकडे मुख करून पाठमोरे चालतात. गरुडरथ गंगेच्या पैलतीरी जुन्या शहरात जाऊन येतो. रामरथ मात्र नदी ओलांडीत नाही. शेवटी रामकुंडावर उत्सवमूर्तींचे अवभृथस्नान होते आणि रात्री उशिरा रथ परततात. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगून ठेवावयास हवे.)

या सोहळ्याचे वर्णन दरवर्षी पुष्कळ होते. आज आम्ही वाचकांपुढे ठेवणार आहोत ते त्याच वाटेवरील एक साधेसे पातेले. रथाचे दोर ओढणारी तालमीची मंडळी आणि दर्शनाला आलेला समाज यांतील पुष्कळांना एकादशी असते. चैत्रातील ऊन, अनवाणी पाय, खांद्यावर दोर आणि पोटात काही नाही, अशा माणसांच्या हातात गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी पानाचा द्रोण ठेवतो. त्यात असते उपवासाची बटाट्याची भाजी. तुपातील जिऱ्याचा वास, हिरव्या मिरचीचा ठसका, दाण्याचे कूट आणि वरून पिळलेले लिंबू. पंचपक्वान्नांच्या पंगतीत ज्याचे नावही कोणी घेणार नाही, असा हा पदार्थ त्या घटकेला अमृततुल्य वाटतो.

या भाजीने आम्हांस एक धडा शिकविला. तो सांगण्यासाठी आमच्याच एका अपराधाची कथा सांगावी लागेल.

गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची. आम्ही नुकते पाठशाळेतून बाहेर पडलो होतो, गळा बरा होता आणि चार ग्रंथ मुखोद्गत असल्याचा ताठा अंगात मावत नव्हता. दशमीच्या रात्री पंचवटीतील एका वाड्याच्या चौकात आमचे कीर्तन होते. पूर्वरंगाला विषय घेतला एकादशीव्रताचा. उपवास म्हणजे देवाच्या जवळ राहणे, जिभेचे चोचले पुरविणे नव्हे, हे सांगता सांगता आमची गाडी ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ या म्हणीवर आली. श्रोते हसले. हशाची चटक वाईट! आम्ही पुढे बोलून गेलो, ‘‘बटाटा कोणत्या स्मृतीत सांगितला आहे, ते कोणी दाखवून द्यावे. सातासमुद्रापलीकडून आलेला हा म्लेंच्छ कंद. तो खाऊन रथ ओढणाऱ्याने पुण्याचा हिशेब मांडू नये.’’ हशा आणखी वाढला.

श्रोत्यांत कडेला भिंतीशी एक वृद्ध विधवा बसल्या होत्या. सारी आळी त्यांना आजी म्हणे. रथाच्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी भाजीचे पातेले असे ते त्यांचेच. चार घरी पोळ्या लाटून मिळविलेल्या पैशांतून त्या वर्षभर थोडे थोडे बाजूला टाकीत आणि एकादशीच्या पहाटे चूल पेटवीत. आम्ही त्यांना पाहिले नव्हते असे म्हणावे, तर ते खोटे ठरेल. पाहिले होते, पण हशाच्या भरात ओळखले नाही.

दुसऱ्या दिवशी रथ गल्लीपाशी आला. पातेले नव्हते. दोरावरच्या मंडळींनी सवयीने तिकडे माना वळविल्या आणि ती पुढे गेली. आम्हांस कोणी काही बोलले नाही. वडिलांनी मात्र रात्री एवढेच विचारले, ‘‘आज आजींच्या दाराला कडी कशाने लागली, ठाऊक आहे ना?’’ आमच्यापाशी उत्तर नव्हते.

तीनच महिन्यांनी आषाढ शुद्ध एकादशीला पहाटे वडिलांनी देह ठेवला. घरावर आकाश कोसळले. आपल्याकडील रीत वाचकांस ठाऊक आहेच. ज्या घरी मृत्यू घडतो तेथे त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठले-भाकरी किंवा पिठले-भात घेऊन येतात आणि दुःखितांना आग्रहाने चार घास खावयास लावतात. तशी आमच्याकडेही भाकरी आली. पण तो दिवस होता महाएकादशीचा! आमच्या मातोश्रींनी जन्मात कधी एकादशीला धान्य तोंडात घातले नव्हते, त्या आज घालणार होत्या काय? पिठल्याचे भांडे तसेच कोपऱ्यात राहिले. आई भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासून पाण्याचा थेंब तिच्या घशाखाली उतरला नव्हता, आणि आमचे सारे पाठांतर तेथे निरुपयोगी ठरले होते.

तिन्हीसांजेच्या सुमारास आजी आल्या. पदराखाली पितळेचा डबा होता. त्यांनी डबा उघडला आणि तोच जिऱ्या-तुपाचा वास घरात पसरला. आम्ही मान खाली घातली. त्या म्हणाल्या, ‘‘बुवा, शास्त्र तुम्ही नंतर बघा. तुमच्या आईनं दिवसभर पाणी घेतलं नाही, ते आधी बघा.’’ आणि त्या आईजवळ बसल्या. लहान मुलाला भरवावे तसे त्यांनी चिमूटचिमूट भाजी तिला भरविली. तिसऱ्या घासाला आईला रडू फुटले. तोवर ती रडली नव्हती.

ते दृश्य आजही डोळ्यांपुढून हलत नाही. धान्य चालत नाही आणि पोटाला आधार तर हवा, अशा त्या अडचणीच्या दिवशी नेमके काय न्यावे हे सबंध आळीत फक्त आजींना सुचले होते. आणि तेही त्या घरासाठी, ज्या घरातील मुलाने चारचौघांत त्यांच्या पातेल्याची टवाळी केली होती.

सुतक फिटल्यावर आम्ही पुन्हा ग्रंथ उघडले, या वेळी प्रतिपक्षाला हरविण्यासाठी नव्हे. जे आढळले ते थोडक्यात सांगतो. महाभारताच्या उद्योगपर्वात, विदुरनीतीमध्ये, व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी मोजल्या आहेत : पाणी, मूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. हेच वचन व्रतविषयक निबंधग्रंथांनी आधाराला घेतले. निराहार राहणे हा मुख्य पक्ष खरा, परंतु बालक, वृद्ध, रोगी आणि अशक्त यांच्यासाठी शास्त्रकारांनी सवलतीचे दार मुद्दाम उघडे ठेवले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी धर्मसिंधु रचला, तोही असा अधिकारभेद मानूनच चालतो.

आता बटाटा स्मृतीत नाही, हे आमचे म्हणणे अक्षरशः खरे होते आणि तितकेच पोकळ होते. स्मृतिकारांनी तो पाहिलाच नव्हता! संस्कृतात ‘आलुक’ हा शब्द जुना आहे, पण तो येथल्याच निरनिराळ्या कंदांचा वाचक. ज्याला आपण बटाटा म्हणतो तो दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या पठारावर, आजच्या पेरू-बोलिव्हियाच्या भागात, सहस्रावधी वर्षे पिकत होता. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. पोर्तुगीजांच्या ‘बटाटा’ या शब्दाचे मूळ कॅरिबियन बेटांवरील रहिवाशांच्या बोलीत असून, तेथे त्याचा अर्थ रताळे असा होता. त्या शब्दाने पश्चिम किनाऱ्यावर पाय ठेवला आणि मराठी, कोकणी व गुजरातीत घर केले. उत्तरेने मात्र त्याच कंदाला जुने ‘आलू’ हे नाव दिले.

एकट्या बटाट्याला परका ठरवावे, तर उपवासाचे सबंध ताटच रिकामे होईल. रताळे अमेरिकेचे, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, मिरची तिकडचीच. साबुदाणा आपल्याकडे तमिळनाडूतील सेलम भागातून येतो, पण तो ज्या कंदापासून करतात तो कसावाही ब्राझीलकडचा. राजगिऱ्याचे दाणेसुद्धा मुळात मेक्सिकोच्या बाजूचे. घरचे म्हणावे असे उरतात ते दूध, दही, तूप, नारळ, जिरे, शिंगाडा आणि वरई. ही वरई म्हणजेच भगर. ती आमच्याच जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांच्या डोंगरउतारावर आदिवासी शेतकरी पिकवितात आणि नाशकातील गिरण्यांत ती सडली जाते. तिचा मान वेगळा आहे आणि तो राखलाच पाहिजे.

गंमत अशी की कांदा हे नाशिक जिल्ह्याचे भूषण आहे, लासलगावच्या बाजाराचे नाव देशभर आहे. पण कांदा स्मृतिकारांच्या परिचयाचा होता, म्हणून मनुस्मृतीने त्याला लसणीसह वर्ज्य ठरविले. बटाट्याला वर्ज्य ठरविण्याची संधीच कोणाला मिळाली नाही. तो आला तेव्हा आपल्या आज्या-पणज्यांनी त्याला हातात घेतले, मातीखालचा कंद म्हणून ओळखले आणि ‘मूळ’ या शब्दाच्या छायेत बसविले. वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी आम्हांस सांगितले की बटाटा हे मूळ नसून जमिनीखाली फुगलेले खोड आहे आणि त्याचे ‘डोळे’ म्हणजे अंकुर होत. आम्ही त्यांना म्हटले, ‘‘प्राध्यापकसाहेब, ही चूक आमच्या आज्यांनी प्रेमाने केलेली आहे, ती दुरुस्त करू नका.’’

आणखी एक विचार आम्हांस महत्त्वाचा वाटतो. आमच्या लहानपणी वाड्यात शिजलेला भात म्हणजे खरकटे. त्याला सोवळे, चूल, हात आणि पंक्ती यांचे कडक नियम असत. फराळाच्या जिनसांना तितके निर्बंध नसत. या सैलपणातून एक मोठी वाट निघाली. जी माणसे एरवी एका पंक्तीला बसली नसती, ती रथाच्या वाटेवर एकाच पातेल्यातील भाजी खाऊ लागली. आजींकडे पहाटे बटाटे सोलावयास नाना जातींच्या बायका जमत, आणि द्रोण पुढे करणाऱ्याला त्यांनी कधी नाव-गाव विचारले नाही.

ही गोष्ट लहान नाही. याच मंदिराच्या दारी १९३० च्या २ मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालविला आणि काही वर्षे दारे उघडली नाहीत. त्या वर्षीच्या रामनवमीच्या उत्सवात रथ ओढण्यावरूनच संघर्ष पेटला होता. हा इतिहास झाकून रथाचे गुणगान करणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. शास्त्राचा अर्थ लावणाऱ्यांनी तेव्हा आपले ज्ञान दार लावण्यासाठी वापरले. आम्ही दशमीच्या त्या रात्री एका गरीब स्त्रीच्या पातेल्यावर झाकण घातले, ते त्याच जातीचे पाप होते.

अलीकडे आमच्या एका शिष्याचे चिरंजीव अमेरिकेतून आले होते. त्यांच्याकडून असाच एक प्रकार कळला. तेथील यूटा राज्यात मॉर्मन पंथाचे लोक मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्यात कोणाच्या घरी मृत्यू झाला की पंथातील स्त्रिया त्या घरच्या मंडळींसाठी जेवण करून नेतात. त्या जेवणात बटाट्याचा एक भाजलेला पदार्थ बहुधा असतोच : किसलेले किंवा चिरलेले बटाटे, त्यात आंबट साय आणि भरपूर चीज, वरून मक्याच्या पोह्यांचा कुरकुरीत थर, आणि सारे भट्टीत खरपूस भाजलेले. लोक त्याला चक्क ‘अंत्यविधीचे बटाटे’ म्हणतात! हा पदार्थ त्या प्रांताची इतकी ओळख बनला आहे की २००२ मध्ये तेथे हिवाळी ऑलिंपिक झाले, तेव्हा त्याचे चित्र असलेली टाचणीही निघाली होती. त्यात पुष्कळदा कोंबडीचे सार घालतात, म्हणून आपल्या घरांना तो जसाच्या तसा चालणार नाही. पण ऐकता ऐकता आम्हांस आजींचा पितळी डबा दिसू लागला. बटाटा ज्या खंडातून आला, त्याच्या शेजारच्या खंडातही तो दुःखाच्या घरी शेजाऱ्याच्या हातून पोहोचतो. मऊ, उष्ण, फारसे चावावे न लागणारे आणि लहानथोर सर्वांना गिळता येणारे अन्न शोकात हवेसे वाटते. आपल्याकडे उकडलेल्या बटाट्यावर साईचे दही, कूट आणि तुपाची फोडणी घालून घरोघरी जी कोशिंबीर करतात, ती त्याच पदार्थाची सोवळ्यातील बहीण म्हणावी लागेल.

पुढल्या वर्षीच्या कामदा एकादशीला पहाटे आम्ही आजींच्या दारी गेलो. क्षमा मागण्यासाठी संस्कृतप्रचुर वाक्ये जुळवून नेली होती. त्यांनी दार उघडले, आमच्याकडे पाहिले आणि बटाट्यांची परात पुढे सरकवून म्हणाल्या, ‘‘सालं जाड काढू नका, वाया जातं.’’ बोलणे तेवढेच झाले. सोलता सोलता मागून कळले की त्यांचे यजमान रथाच्या दोरावर असत. एके वर्षी निर्जळी उपवासात भर उन्हात ते घेरी येऊन पडले, तेव्हापासून आजींनी हे पातेले मांडले. यजमान गेले, पातेले चालू राहिले. आमच्या एका विनोदाने ते एक वर्ष बंद पडले होते.

आजींकडून शिकलेली रीत गृहिणींच्या व मंडळांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे देतो. शंभर माणसांना द्रोणभर देण्यास १५ किलो बटाटे पुरतात. हिरवट पडलेले आणि फार मोड आलेले बटाटे आधीच काढून टाकावेत, ते प्रकृतीला अपायकारक असतात. उरलेल्यांतून सारख्या आकाराचे निवडून सालीसकट उकडावेत आणि झाकून न ठेवता परातीत पसरून वाफ जाऊ द्यावी, म्हणजे फोडी मोडत नाहीत. एक किलो तूप किंवा शेंगदाण्याचे तेल, १०० ग्रॅम जिरे, ३०० ग्रॅम हिरव्या मिरच्या, दीड किलो दाण्याचे कूट, सुमारे २०० ग्रॅम सैंधव, चवीला मूठभर साखर, चार नारळांचा चव आणि वीस-पंचवीस लिंबे. ज्यांच्याकडे उपवासाला जिरे किंवा कोथिंबीर चालत नाही त्यांनी ती वगळावी. त्यावरून वाद घालू नये. फोडी मंद आचेवर उलथण्याने हलक्या हाताने परताव्यात. कूट शेवटी घालावे, लिंबू वाढताना पिळावे. दही कधीही पातेल्यात मिसळू नये, चैत्राच्या उन्हात भाजी लवकर आंबते. ते निराळे वाढावे. भाजी सकाळची रात्रीपर्यंत ठेवू नये, दोनदा थोडी थोडी करावी. आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी बटाटा, साबुदाणा व रताळे यांचा एकत्र फराळ टाळावा. देवाला आपल्या प्रकृतीची काळजी आहे. आपण निमित्ताला कारण होऊ नये.

आजी जाऊन पुष्कळ वर्षे झाली. त्यांच्या पाठीमागे कोणी नव्हते, म्हणून पातेले आमच्या घरी आले. आता ते आळीतील तरुण मुले-मुली चालवितात. बटाट्याचे पोते कोणी एक जण आणतो, तूप दुसऱ्याकडून येते, दाणे तिसरीकडे भाजले जातात. काल्याच्या कीर्तनात आम्ही गोपाळांच्या शिदोऱ्यांची कथा सांगतो. कोणाची भाकरी, कोणाचे दही, कोणाचे लोणचे. सारे एकत्र कालवले गेल्यावर कोणता घास कोणाचा हे भगवंतालाही निराळे करावेसे वाटले नाही. काला एकादशीला होत नाही, तो पारण्यानंतर. परंतु रथाच्या वाटेवरील या पातेल्यात तो आदल्या दिवशीच झालेला असतो, असे आम्हांस दरवर्षी वाटते.

आजही दशमीच्या रात्री आमचे कीर्तन असते. एकादशीचे माहात्म्य आम्ही सांगतो, निराहाराचे श्रेष्ठत्वही सांगतो, कारण ते खरे आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी अवश्य निर्जळी करावी. पण स्वतःची निर्जळी करावी, दुसऱ्याच्या पातेल्याची नव्हे. हे सांगताना आमची नजर आपोआप कडेच्या भिंतीकडे जाते.

या कामदा एकादशीला रथ आपल्या दारावरून गेला, तर दर्शन घ्यावेच. आणि आपल्या आळीत कोणाच्या घरी चूल थंड असेल, तर तिकडेही एक डबा जाऊ द्यावा.

सियावर रामचंद्र की जय!